पळीभर तेल, तासभर अंधार

लहानपणी एकदा जूनच्या सुरुवातीला आबा म्हणाले, "मृग लागला." त्या रात्री मी गच्चीवर बराच वेळ मृग शोधत बसलो. थंडीत त्यांनीच मला तो दाखवला होता. चार कोपऱ्यांना चार तारे, मधे तिकांडं, म्हणजे एका ओळीत बसलेले तीन तारे, आणि तीच ओळ खाली आग्नेयेकडे वाढवली की लखलखणारा व्याध. एकदा ओळखला की पुन्हा चुकणं शक्य नाही असा तो आकार आहे. त्या रात्री फर्दापूरवर एकही ढग नव्हता, तरी मृग कुठेच सापडला नाही. मध्यरात्री जाग आली तेव्हा दक्षिणेला घाटाच्या माथ्यावर विंचू नांगी वळवून पसरला होता. मृगाचा पत्ता नव्हता.

सकाळी आबा ओट्यावर बसून पाभरीचं चाडं दोरीनं आवळत होते. मी विचारलं, "आबा, मृग लागला म्हणता, मग तो दिसत का नाही?" हातातली दोरी ढिली न होऊ देता ते म्हणाले, "आता तो सूर्यासंगं दिवसा चालतो. रात्री कसा दिसंल?"

हे पुस्तक त्या एका उत्तरातून निघालं आहे.

आबांच्या बोलण्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. नक्षत्र लागलं म्हणजे सूर्य त्या नक्षत्राच्या तारकांमध्ये शिरला. साधारण 8 जूनला सूर्य मृगात येतो आणि त्याच्या उजेडात तो सगळा भाग बुडून जातो. म्हणजे ज्या नक्षत्राच्या नावानं आपल्याकडे पेरणीची घाई सुरू होते, ते त्या दिवसांत कुणालाही दिसत नाही. मग सूर्य मृगात आहे हे पहिल्यांदा कळलं कसं? दिवसा सूर्यामागचे तारे कुणी पाहिले?

कुणीच पाहिले नाहीत. ते ताडून काढले. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला कोणते तारे शेवटचे दिसतात, पहाटे पूर्वेला कोणते पहिले दिसतात, आणि मध्यरात्री डोक्यावरून कोणते जातात, याची नोंद माणसांनी वर्षानुवर्षं मनात ठेवली. मध्यरात्री दक्षिणेला विंचवाचा भाग, म्हणजे ज्येष्ठा आणि मूळ, दिसत असतील, तर सूर्य त्यांच्या बरोबर समोर, मृगाच्या बाजूला असला पाहिजे. मी त्या रात्री विंचू पाहिला होता. उत्तर माझ्या डोळ्यांसमोर पसरलेलं होतं, फक्त ते उत्तर आहे हे मला ठाऊक नव्हतं. महिन्यांची नावंही याच हिशेबातून आली आहेत. ज्येष्ठातली पौर्णिमा ज्येष्ठाच्या आसपास, कार्तिकातली कृत्तिकांच्या, मार्गशीर्षातली मृगशीर्षाच्या, चैत्रातली चित्राच्या. आपण रोज तोंडानं आकाश बोलत असतो.

याच मृगाची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आबांनाही माहीत नव्हती. सूर्याच्या मृगप्रवेशाची तारीख ऋतूंच्या हिशेबानं स्थिर नाही. पृथ्वीचा अक्ष, फिरता भोवरा डुलावा तसा, अतिशय सावकाश डुलतो. त्याचा एक फेरा पुरा व्हायला सुमारे 26,000 वर्षं लागतात. त्यामुळे तारे आणि ऋतू यांचं नातं दर 72 वर्षांत साधारण एक अंशानं, म्हणजे एका दिवसानं सरकतं. अजिंठ्यातली मोठी लेणी कोरली जात होती तेव्हा, सुमारे 1,500 वर्षांपूर्वी, सूर्य मृगात यायचा तो आजच्या मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याशी जुळणाऱ्या दिवसांत. म्हणजे त्या काळी मृग लागे तेव्हा घाटात अजून उन्हाळाच असे. आणखी हजार वर्षांनी तो जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागेल. आपण ज्याला सनातन मानतो, तो मृगाचा पाऊससुद्धा एका हळू चालणाऱ्या घड्याळाचा काटा आहे.

या डुलण्यावरून जुना काळ मोजता येतो, हे मराठीत सर्वांत नेटकेपणानं दाखवून दिलं शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी. दापोलीजवळच्या मुरुडचे दीक्षित पेशानं शिक्षक. 1896 साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ आला, आणि अवघ्या पंचेचाळिशीत, 1898 मध्ये, ते गेले. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असं म्हटलं आहे. हजारो लोकांनी ते वाक्य वाचलं असेल. दीक्षितांनी विचारलं, ते खरं कधी होतं? कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवायच्या तर त्या खगोलीय विषुववृत्तावर असायला हव्यात, आणि तसं इसवी सनापूर्वी 3000 च्या सुमारास होतं. टिळकांनी 1893 मध्ये 'ओरायन' लिहिलं तेही मृगाच्या अशाच सरकण्यावर. या दोघांच्या निष्कर्षांवर वाद झाले, आजही होतात. पण एका वाक्यापाशी थांबून आकाशाला साक्षीला बोलावण्याची त्यांची रीत मला फार जवळची वाटते.

दीक्षितांचं वाचल्यावर मला राहवलं नाही. 21 मार्चला, सूर्य नेमका पूर्वेला उगवतो त्या दिवशी, मी शेताच्या बांधावर बांबूच्या दोन काठ्या पुरल्या. उगवता सूर्य, पुढची काठी आणि मागची काठी एका ओळीत. मागच्या काठीवर गेरूनं खूण केली. मग नोव्हेंबरची वाट पाहिली. कापसाची वेचणी चालू होती, बोंडांचा वास वावरात भरून राहिला होता. अंधार पडायला लागला तेव्हा मागच्या काठीला गाल टेकवून मी पूर्वेकडे पाहत उभा राहिलो. आधी काहीच दिसलं नाही. मग क्षितिजावरच्या धुरकट पट्ट्यातून एक पुसट ठिपका वर आला. नजर जराशी बाजूला केली की तो नीट दिसायचा, रोखून पाहिलं की विरायचा. थोड्या वेळानं त्याचे पाच झाले, मग सहा. कृत्तिका. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. माझ्या काठ्यांच्या ओळीपासून त्या जवळजवळ अडीच मुठी डावीकडे, उत्तरेला होत्या. पाच हजार वर्षांत त्या तेवढ्या ढळल्या होत्या. पुस्तकात वाचलेली गोष्ट माझ्या मुठीत आली होती. त्या संध्याकाळी मला जे वाटलं, ते वाचकाला एकदा तरी वाटावं, एवढ्यासाठी पुढची सगळी पानं लिहिली आहेत.

आता फर्दापूरविषयी थोडं सांगायला हवं, कारण या पुस्तकातलं आकाश इथलं आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. जगाला ते लेण्यांच्या वाटेवरचा टी-पॉइंट म्हणून ठाऊक आहे. बस थांबते, माणसं चहा पितात आणि लेण्यांकडे वळतात. गावात जुनी सराय आहे. वाटसरूंनी रात्र काढावी म्हणून बांधलेली ही जागा. दक्षिणेला घाटाची काळी भिंत, उत्तरेला तापीकडे उतरत जाणारा खानदेश. म्हणून उत्तरेचं आकाश आम्हाला मोकळं मिळतं. ध्रुव इथून क्षितिजाच्या वर साधारण दोन मुठींवर दिसतो, कारण गाव साडेवीस अंश अक्षांशावर आहे. दिल्लीत तो तीन मुठींना थोडा कमी, कन्याकुमारीला एक मूठही नाही. फक्त मुठीनं ध्रुव मोजत कुणी देशभर फिरलं, तर पृथ्वी गोल असल्याचा पुरावा त्याच्या वहीत आपोआप गोळा होईल. आणि फेब्रुवारीत घाटाच्या माथ्यावर अगस्त्य येतो. तो पावसाळ्याच्या शेवटी पहाटे उगवायला लागला की पाणी निवळतं, असं जुनी माणसं म्हणतात.

वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणात अजिंठ्याची लेणी आहेत. सातवाहनांच्या काळात, इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकात, सुरू झालेली आणि वाकाटकांच्या काळात, पाचव्या शतकात, पुन्हा भरभराटीला आलेली. लोक तिथं रंग आणि रेषा पाहायला जातात, आणि जावंच. पण ज्यांनी तिथं वर्षावास काढले ते भिक्खू सूर्य मावळल्यावर काय पाहत असतील, हा प्रश्न मला लेण्यांनीच घातला. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात अरण्यवासी भिक्खूंची एक हकीकत आहे. चोर त्यांच्याकडे येतात. पाणी विचारतात, अग्नी विचारतात, मग आज कोणतं नक्षत्र आहे आणि ही दिशा कोणती, असं विचारतात. भिक्खूंना सांगता येत नाही. हे भिक्खू नसावेतच असं समजून चोर त्यांना मारहाण करून निघून जातात. त्यावर बुद्धांनी नियम घालून दिला की अरण्यात राहणाऱ्यानं पाणी आणि अग्नी तयार ठेवावा, नक्षत्रांची स्थानं शिकावीत आणि दिशा ओळखाव्यात. पाणी, अग्नी आणि नक्षत्रं एकाच यादीत यावीत, हे मला फार मोलाचं वाटतं. तारे ओळखणं हा अरण्यात जगण्याच्या शहाणपणाचा भाग होता.

अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे की लेणं क्रमांक 26 चं तोंड जूनमधल्या अयनदिनाच्या सूर्योदयाकडे आहे, आणि लेणं क्रमांक 19 डिसेंबरमधल्या अयनदिनाशी जुळतं. त्या दिवसांत किरण थेट आतल्या स्तूपाकडे येतात. डोंगराचा कडा वळणदार, दगड कठीण, आणि तरी वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसाचं भान छिन्नीनं राखलेलं आहे.

चुकलेल्या कुतूहलाचीही एक खूण तिथं आहे. लेणं क्रमांक 17 च्या ओसरीत भिंतीवर एका मोठ्या चक्राचं चित्र आहे. एकोणिसाव्या शतकात आलेल्या पाहुण्यांना ते राशिचक्र वाटलं, आणि त्या लेण्याला राशिचक्राचं लेणंच म्हणू लागले. पुढे नीट अभ्यास झाल्यावर ते बौद्ध परंपरेतलं भवचक्र, जन्ममरणाचं चक्र, असल्याचं स्पष्ट झालं. पहिल्या पाहणाऱ्यांना दोष देण्याचं कारण नाही. त्यांनी पाहिलं, नाव दिलं, मागून आलेल्यांनी पुन्हा पाहिलं आणि नाव सुधारलं. आकाशाच्या अभ्यासातही नेमकं हेच होत आलं आहे.

याच सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेत, फर्दापूरहून पश्चिमेला, चाळीसगावजवळ पाटण आहे. पाटणादेवीला नवस फेडायला जाणाऱ्या किती जणांना तिथल्या शिलालेखाची कल्पना असते कोण जाणे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो प्रकाशात आणला. 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं पाटणला मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोन्हदेवानं 1207 मधल्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, त्या मठाला दान दिलं. त्या रात्री चंद्रावर सरकलेली पृथ्वीची गोल सावली मी अनेकदा डोळ्यांसमोर आणतो. ग्रहण कधी लागणार, किती वेळ राहणार, हे आधी गणितानं काढून ठेवणाऱ्यांच्या मठाचा कागद ग्रहणाच्याच साक्षीनं झाला.

भास्कराचार्यांचा जन्म 1114 चा. 'सिद्धान्तशिरोमणी' पुरा केला तेव्हा ते 36 वर्षांचे होते. त्यातल्या गोलाध्यायात ते एक साधी शंका घेतात. पृथ्वी गोल आहे तर सपाट का दिसते? त्यांचं उत्तर असं की मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, आणि पृथ्वी इतकी मोठी आहे की तिच्यावरच्या माणसाला तिचा असा लहानसा तुकडाच दिसतो. पुढे यंत्राध्यायात ते निरनिराळी वेधयंत्रं सांगतात आणि शेवटी सगळ्यांत श्रेष्ठ ठरवतात ते धीयंत्र, म्हणजे बुद्धीचं यंत्र. हातात एक साधी काठी आणि डोक्यात बुद्धी असेल, तर बांबूची उंची, अंतर, आकाशातल्या ज्योतींची स्थानं, सगळं मोजता येतं. माझ्या बांधावरच्या काठ्या त्या ओळींच्या उजेडात मला अधिक थोर वाटायला लागल्या.

पाटणच्या त्या लेखात बहुतेक मजकूर संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. तिथं भाषा का बदलते? कारण राजघराण्याचं आणि पंडितांचं वर्णन संपलं आणि गावाच्या देण्याची गोष्ट सुरू झाली. ती गावाला कळायला हवी. त्या मराठी ओळींत तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावं अशी तरतूद आहे.

या पळीभर तेलापाशी मी पुष्कळदा येऊन थांबलो आहे. गावातला तेली घाणा फिरवतो. त्याला गोलाध्याय ठाऊक नाही, ग्रहगणित ठाऊक नाही. पण त्याच्या घाण्यातून पळीभर तेल डोंगराखालच्या मठाकडे जातं. त्या तेलाच्या दिव्यापाशी बसून एखादा विद्यार्थी रात्री आकडेमोड करत असेल, बाहेर येऊन आकाशाकडे पाहत असेल, पुन्हा आत जात असेल. तेली नसता तर त्या विद्यार्थ्याच्या पाटीवरचं गणित अंधारात राहिलं असतं. कुतूहल एका माणसाच्या डोक्यात उगवतं हे खरं. पण ते टिकतं, वाढतं, नातवापर्यंत पोचतं, तेव्हा त्याच्या मागे अख्खं गाव उभं असतं. मला या पुस्तकातून एवढंच सांगायचं आहे.

ही गोष्ट पाटणपाशी संपली नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर घ्या. लाव्हाच्या ज्या थरांतून अजिंठ्याची लेणी कोरली, त्याच दख्खनी बेसाल्टमध्ये सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा तो खड्डा आहे. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, आणि तो ज्वालामुखीचा की आणखी कशाचा, याची चर्चा पुढे दीडशे वर्षं चालली. 1973 मध्ये संशोधकांनी तिथल्या खडकात प्रचंड आघातानेच तयार होणारी काच दाखवली आणि आकाशातून आलेल्या अशनीनं तो खड्डा केला यावर शिक्कामोर्तब झालं. तो कधी पडला? एका पद्धतीनं मोजलं तर सुमारे 50,000 वर्षांपूर्वी, दुसऱ्या पद्धतीनं 5 लाख 70 हजार वर्षांपूर्वी. खड्डा आपल्या समोर आहे, पाणी आहे, काठावर देवळं आहेत, आणि प्रश्न अजून जिवंत आहे.

जुन्नरजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना रात्रंदिवस आकाशाचे रेडिओ तरंग ऐकतात. आमच्या मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा मंजूर झाली आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब असतील. अशा लहरी अमेरिकेतल्या यंत्रांनी पहिल्यांदा टिपल्या त्या 14 सप्टेंबर 2015 रोजी. तेव्हा त्या चार किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान होता. भास्कराचार्यांच्या काठीपासून इथपर्यंतचा प्रवास लांबचा दिसतो, पण यंत्र मोठं झालं म्हणून विचारणं वेगळं झालेलं नाही.

जयंत नारळीकरांची आठवण इथं काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुण्यातली आयुका ही खगोलसंशोधन संस्था 1988 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, विश्वाच्या उत्पत्तीवर त्यांनी जगाशी वाद घातला, आणि मराठी मुलांसाठी विज्ञानकथाही लिहिल्या. मुलं स्वाक्षरीसाठी घेराव घालत तेव्हा ते सांगत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी सहीनिशी उत्तर पाठवीन. किती साधी अट, आणि किती खोल! सही हवी तर आधी प्रश्न पडायला हवा. 20 मे 2025 रोजी ते गेले. त्या पोस्टकार्डांपैकी कितीतरी अजून कुणाच्या कपाटात, कुणाच्या जुन्या वहीत जपून ठेवलेली असतील. ती कार्डं म्हणजे आपल्या काळातलं पळीपळी तेल होतं.

आता या पुस्तकाविषयी. हे पुस्तक बारा अमावास्यांचं आहे. प्रत्येक प्रकरणात एका महिन्याच्या अमावास्येच्या आसपासचं फर्दापूरचं आकाश आहे, दिवस मावळल्यापासून झोप येईपर्यंतचं. पावसाळ्यातल्या चार प्रकरणांत ढगच जास्त आहेत, त्यामुळे तिथं पंचांगातली नक्षत्रं, त्यांची वाहनं आणि आमच्याकडच्या शेतकऱ्यांची बोलणी आली आहेत. दुर्बीण जवळ नसेल तरी काही अडणार नाही. आपली मूठ, एक काठी, एक वही आणि पेन्सिल पुरेशी आहे. टॉर्चच्या काचेवर लाल कागद बांधावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपत नाहीत. अंधारात डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ मोबाइल खिशातच ठेवावा.

तारकांची नावं मी दोन्ही दिली आहेत, पंचांगातली आणि घरातली. सप्तर्षी आमच्या आजीसाठी बाज होती. चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार पाय, आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती बाज चोरायला आलेले तीन चोर. या गोष्टीनं मला सप्तर्षींची रचना जितकी पक्की शिकवली, तितकी कुठल्याही नकाशानं शिकवली नाही. चोर पळत राहतात, बाज ध्रुवाभोवती फिरत राहते, आणि रात्र किती सरली ते बाजेच्या कलण्यावरून आजीला कळायचं. नाव ही ओळखीची पहिली पायरी असते. ती आपल्या भाषेत असली की पाऊल नीट पडतं.

एक प्रकरण मी मुद्दाम मृगाला दिलं आहे, कारण त्याच्या एका चौकटीत काळाचे किती थर आहेत ते कळलं की माणूस पुन्हा पहिल्यासारखं आकाश पाहू शकत नाही. व्याधाचा आज दिसणारा प्रकाश तिथून निघाला सुमारे साडेआठ वर्षांपूर्वी, म्हणजे आज तिसरीत असलेलं मूल जन्मलं त्या सुमारास. जवळच्या लालसर रोहिणीचा सुमारे 65 वर्षांपूर्वीचा. मृगाच्या पायाशी असलेला निळसर राजन्य सुमारे साडेआठशे प्रकाशवर्षं दूर आहे. त्याचा प्रकाश निघाला तेव्हा भास्कराचार्य हयात होते. आणि तिकांड्याच्या खाली, नजर जरा बाजूला केली की जाणवणारा धुरकट ठिपका, मृगातला तेजोमेघ, तेराशेहून अधिक प्रकाशवर्षं दूर आहे. त्याचा प्रकाश निघाला सातव्या शतकाच्या सुमारास. त्याच शतकात ह्युएन त्सांग महाराष्ट्रात येऊन गेला, आणि वाघूरच्या काठची लेणी कोरणाऱ्यांच्या छिन्न्या तोवर कधीच थांबल्या होत्या. नातू, आजोबा, भास्कराचार्य आणि अजिंठा, सगळे एकाच वेळी एका चौकटीत येऊन डोळ्यांत उतरतात. हे पाहायला तिकीट नाही, रांग नाही. अंधार मात्र हवा.

आणि अंधार कमी होत चालला आहे. माझ्या लहानपणी गच्चीवरून आकाशगंगा विंचवाच्या नांगीपासून वर थेट डोक्यापर्यंत दिसायची. आता रस्त्यालगतच्या दिव्यांचा पांढरा झोत आकाशात पसरतो आणि तिचा खालचा अर्धा भाग त्यात धुऊन जातो. दिव्यांविषयी माझी तक्रार नाही. अंधारात घराकडे परतणाऱ्या लेकीबाळींना रस्त्यावर उजेड हवाच. पण तो उजेड रस्त्यावर पडावा, आभाळात नको. दिव्याला वरून टोपी असली, रात्री उशिरा रिकाम्या जागांवरचे दिवे मंद झाले, तर दोन्ही गोष्टी साधतात. विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे हे आपल्याच राज्यात जमलेलं आहे. रात्री बंद होणाऱ्या लेण्यांच्या पायथ्याशी, डोंगराच्या सावलीत असलेल्या आमच्या गावाला ते जमू नये असं काही नाही.

पाटणच्या मठासाठी गावानं पळीभर तेल दिलं, कारण तेव्हा रात्री वाचायला उजेड कमी होता. आज उजेड हवा तेवढा आहे, आणि कमी पडतो तो अंधार. म्हणून या पुस्तकाच्या वाचकाकडे माझं एकच मागणं आहे. दर अमावास्येला तासभर आपल्या अंगणातला, गच्चीवरचा, गल्लीतला दिवा बंद ठेवा. शेजाऱ्यालाही सांगा. घरातलं लहान मूल बाहेर आणून उभं करा आणि त्याच्या डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत काहीही शिकवू नका. ते विचारेल. जे विचारेल त्याचं उत्तर आपल्याला येत असेल तर सांगा, येत नसेल तर तो प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या अमावास्येला पुन्हा पाहा.

आज कार्तिकी अमावास्या आहे. हे शेवटचे शब्द लिहून झाले की मी गच्चीवर जाईन. कृत्तिका एव्हाना पूर्वेला बऱ्याच वर आल्या असतील. त्यांच्यामागून तासाभरात मृग घरांच्या वर येईल. शेजारच्या पोरांना मी आज बोलावलं आहे. त्यांच्यातल्या धाकट्यानं काल मला विचारलं, "मृग पावसाळ्यात कुठं गेला होता?" मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. आधी तो मृग डोळे भरून पाहू दे. मग आबांचं उत्तर त्याला सांगेन, आणि जूनमध्ये विंचू दाखवायलाही वर घेऊन येईन.

फर्दापूर
कार्तिक अमावास्या